वाचकांचे प्रश्न : संग्रहालयातली दुपार आणि पाटीवरचे गाव

मागील अंकात आम्ही वाचकांना सुचवले होते की, सवड काढून जवळच्या एखाद्या संग्रहालयात किंवा चित्रदालनात एक दुपार घालवावी आणि मनात आलेले प्रश्न आम्हांस कळवावेत. विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हिवाळ्यात सातवीच्या अडतीस मुलांना घेऊन आम्ही नागपूरला गेलो आणि जेवणे आटोपल्यावर दुपारी दोन तास अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती संग्रहालयात, काढले. सर्व दालने ओळीने पाहिली, मुलांनी पाट्यांवरची माहितीही वहीत उतरवून घेतली. परत आल्यावर निबंध लिहायला सांगितला, तेव्हा बहुतेकांनी भुसा भरलेल्या प्राण्यांपलीकडे काहीही लिहिले नाही. आमचे कुठे चुकले?
— एक शिक्षिका, देवळी तालुका, जि. वर्धा

उत्तर : बाई, मुलांचे काहीच चुकले नाही. वाघ ओळखायला पाटी लागत नाही, म्हणून तो लक्षात राहिला. काचेमागे ठेवलेल्या हिरवट तांब्याच्या तुकड्याचे तसे नाही. त्याची हकीकत कोणी सांगितली नाही, तर तो भंगाराच्या दुकानातल्या तुकड्यासारखाच दिसतो. चूक झाली असेल तर ती पाट्या उतरवून घेण्यात. मुलाच्या हातात वही आणि पेन्सिल दिली आणि पाटी उतरवायला सांगितले की त्याची नजर पाटी आणि वही यांच्यामध्येच फिरते, वस्तूकडे जातच नाही. मी स्वतः विद्यार्थी असताना अशा तीन वह्या भरल्या होत्या आणि त्यांतले एक अक्षर आज मला आठवत नाही.

पुढल्या वेळी सर्व दालने पाहण्याचा हट्ट सोडावा आणि शाळेतून निघण्यापूर्वीच चार-पाच वस्तू ठरवाव्यात. त्या निवडताना एकच कसोटी लावावी : वस्तू कोणत्या गावात सापडली हे ठाऊक असले पाहिजे आणि ते गाव मुलांना नकाशावर बोट ठेवून दाखवता आले पाहिजे. उदाहरणार्थ, नागपूरच्या संग्रहालयाकडे गुंगेरिया येथील तांब्याच्या हत्यारांपैकी काही हत्यारे आहेत. गुंगेरिया हे बालाघाट जिल्ह्यातले खेडे आज मध्य प्रदेशात असले, तरी तेव्हा ते नागपूरसह मध्य प्रांतातच होते. १८७० मध्ये तेथे गुरे चारणाऱ्या दोन मुलांना जमिनीतून डोकावणारे धातूचे टोक दिसले. खणल्यावर तांब्याची ४२४ अवजारे आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. नुसत्या तांब्याचे वजन पावणेचारशे किलोच्या आसपास भरले. त्यांतील काही वस्तू पुढे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. गुराख्याच्या पोरांची ही हकीकत बसमध्येच सांगून ठेवली, तर ती कुऱ्हाड शोधायला तुमची मुले तुमच्या पुढे धावतील.

दुसरे उदाहरण तुमच्या वाटेवरचेच आहे. वर्ध्याहून नागपूरला जाताना बुटीबोरी लागते आणि तेथून टाकळघाट जवळच आहे. टाकळघाट, खापा, जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड या गावांच्या परिसरात सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपल्या मृतांसाठी मोठमोठे धोंडे गोलाकार रचून ठेवले. अभ्यासक त्यांना शिळावर्तुळे म्हणतात. एकट्या जुनापाणीच्या माळावर अशी सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. त्यांच्या उत्खननांत लोखंडी हत्यारे, मणी आणि घोड्यांच्या लगामाच्या कड्या मिळाल्या. माहुरझरीला घोड्याच्या तोंडावर चढवायचा तांब्याचा साज मिळाला, तर नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. घोड्याला स्वतःच्या साजासह मालकाशेजारी पुरणारी ही माणसे कोण होती, हा प्रश्न सातवीच्या मुलांना खुशाल विचारावा, कारण त्याचे पूर्ण उत्तर मोठ्यांपाशीही नाही. नागपूरचे मिशनरी आणि भूशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप हे टाकळघाटची वर्तुळे पाहून परतत असताना वाटेतल्या नाल्याच्या पुरात वाहून गेले. ते साल १८६३ होते आणि अजब बंगल्याची स्थापनाही त्याच साली झाली.

मुलांना प्राणीच आवडतात असे असेल, तर तिकडूनही वाट आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या पिसदुरा गावाच्या शिवारात डायनासोरांची हाडे आणि त्यांच्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या गोळ्यांत गवताच्या पेशींत तयार होणारे वाळूसारखे सूक्ष्म कण दाखवून दिले, आणि डायनासोरांच्या काळी गवत नव्हतेच हा जुना समज मोडला. पुढच्या अभ्यासात त्यांतील काही कण धानाच्या कुळातील गवताचे निघाले. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे शेण ऐकून मुले हसतील. त्यांना पोटभर हसू द्यावे.

एका वस्तूपुढे मुलांना खाली फरशीवर बसवून पंधरा मिनिटे फक्त चित्र काढायला लावावे. लिहिणे शाळेत परतल्यावर. आणि जेवण संग्रहालय पाहून झाल्यावर ठेवावे. वरणभात पोटात गेल्यानंतर दुपारी दोन वाजता थंड, जाड भिंतींच्या दालनात तुमचे-माझेही डोळे मिटतात.

प्रश्न : मूर्ती आणि हत्यारे पाहताना मन रमते, पण चित्रांच्या दालनात मी दोन मिनिटांत बाहेर पडतो. काही लोक एकाच चित्रासमोर दहा-दहा मिनिटे उभे असतात. ते नेमके काय पाहतात?
— एक शेतकरी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : खरे सांगायचे तर त्यांतले काही जण पायांना विसावा देत असतात. उरलेले मात्र तेच करतात जे तुम्ही बैलबाजारात करता. जोडी विकत घेताना तुम्ही आधी लांबून तिची चाल आणि ठेवण पाहता, मग जवळ जाऊन खूर, वशिंड, दात आणि खांद्यावरचे घट्टे तपासता, आणि पुन्हा चार पावले मागे सरून मनाशी किंमत ठरवता. ज्याला हे जमते त्याला चित्र समजत नाही असे मी मानणार नाही.

फरक इतकाच की, प्रत्येक चित्राला पाहण्याचे स्वतःचे अंतर असते. जुनी लघुचित्रे भिंतीवर टांगण्यासाठी काढलेलीच नव्हती. ती हातात धरून, बैठकीत एकमेकांना दाखवत पाहायची असत. म्हणून त्यांच्या अगदी जवळ जावे, म्हणजे खारीच्या केसांच्या कुंचल्याने ओढलेली दाढीची एकेक रेघ दिसते. काजळी, गेरू, नीळ, हरताळ अशी द्रव्ये घोटून, त्यांत डिंक घालून ते रंग तयार होत; पोळ्याला बैलाच्या अंगावर गेरूचे ठसे उमटवणाऱ्याला त्यांतला गेरू परका वाटण्याचे कारण नाही. त्या चित्रांत बहुधा सावली नसते आणि राजा शेजारच्या सेवकापेक्षा मोठा काढलेला असतो. चित्रकाराला माप कळत नव्हते असे समजू नये. तो माणसाचा मान मोजत होता, उंची नव्हे. याउलट तैलचित्र जवळून पाहिले तर रंगाचे नुसते फराटे दिसतात. त्यासाठी मागे सरावे आणि उजेड कोणत्या बाजूने येतो आहे ते आधी शोधावे. चित्रकाराला तुम्ही कुठे पाहावे असे वाटत होते ते बहुतेक वेळा तिथेच कळते.

इतके करूनही एखादे चित्र मनाला भिडले नाही, तर पुढे चालावे. बाजारातली प्रत्येक जोडी आपल्या गोठ्यासाठी नसते.

प्रश्न : मूर्तीला नुसता हात लावला तर रखवालदार ओरडला. दगडाला हाताने काय होणार? आणि मोबाइलच्या फ्लॅशची एवढी धास्ती कशासाठी?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, चिखली, जि. बुलढाणा

उत्तर : एका हाताने काही होत नाही, पण ओरडणाऱ्याला रोज शेकडो हात मोजायचे असतात. हाताचा घाम, मीठ आणि तेल सच्छिद्र दगडात मुरते. आपल्या देवळांचे उंबरे आणि नंदीची पाठ किती गुळगुळीत झाली आहे ते पाहावे, म्हणजे हाताची ताकद कळेल. उजेडाचेही तसेच. कापड, कागद आणि जलरंग उजेडाने विटतात आणि ते नुकसान कधीच भरून निघत नाही, म्हणून अशा वस्तूंवर ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे माप) आतबाहेरच उजेड ठेवण्याची संग्रहालयांची रीत आहे. तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत चालतो. दालन अंधारे वाटले तर विजेची काटकसर चालली आहे असे समजू नये आणि डोळ्यांना सरावायला दोन-तीन मिनिटे द्यावीत. ओरडण्याऐवजी शांतपणे सांगता आले असते, हे मात्र मान्य.

प्रश्न : संग्रहालयात नाण्यांचे दालन पाहिल्यापासून झोप लागत नाही, म्हणून हे पत्र. माझ्या नात्यातील एकाला नांगरणीच्या वेळी शेतात फुटके मडके आणि त्यात हिरवी पडलेली बरीच नाणी मिळाली आहेत. कोणी म्हणते सोनाराला दाखवा, कोणी म्हणते गुप्तधन आहे, पूजा घाला, आणि कोणी म्हणते पुन्हा पुरून टाका. कायदा काय सांगतो?
— एक वाचक, जि. वाशीम

उत्तर : तिन्ही सल्ले वाईट आहेत. त्यांतला पूजेचा सल्ला सर्वांत वाईट, कारण गुप्तधनाच्या नावाने अघोरी कृत्ये करणाऱ्यांसाठी २०१३ पासून महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आहे आणि अशा भानगडींत घरेच्या घरे उद्ध्वस्त झालेली आपण वर्तमानपत्रांत वाचतोच.

जमिनीत दडलेल्या धनासाठी १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीची अशी वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवले पाहिजे. काय आणि किती सापडले, कोणत्या जागी सापडले आणि कोणत्या तारखेला सापडले, या तीन गोष्टी कळवण्यास कायदा सांगतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या कायद्यालाही जागेचे महत्त्व ठाऊक होते, याचे मला नेहमी कौतुक वाटते. न कळवल्यास सापडणाऱ्याचा हिस्सा बुडतो आणि शिक्षाही होऊ शकते. रीतसर कळवल्यावर चौकशी होते. कोणी मालक पुढे आला नाही आणि सापडणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक हिस्सा जमीनमालकाचा असा तो निधी वाटला जातो. शासनाला तो ठेवून घ्यायचा असेल, तर मोल देऊन घ्यावा लागतो. तेव्हा सरकार सगळे फुकट नेते, ही चावडीवरची समजूत खरी नाही. अर्ज तलाठी किंवा तहसीलदार यांच्यामार्फत द्यावा, त्याची सहीशिक्क्याची पोच घ्यावी आणि एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला धाडावी.

तोवर काय करू नये, हे अधिक महत्त्वाचे. नाणी चिंच, लिंबू किंवा राखेने घासू नयेत. ती हिरवी पुटे म्हणजे मळ नव्हे. घासताना त्यांच्यासोबत अक्षरेही निघून जातात. नाणी पाहुण्यांत एकेक वाटू नयेत आणि मडक्याची खापरे फेकू नयेत, कारण जाणकाराला खापराच्या घडणीवरूनही काळाचा अंदाज येतो. जेथे मडके मिळाले तेथे नांगरणी थांबवून, शेजारी काठी किंवा पेन ठेवून, दोन-चार छायाचित्रे काढावीत आणि गट क्रमांक लिहून ठेवावा.

तुमच्याच जिल्ह्यात याचा दाखला आहे. मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सातवाहन राजांच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. ती नाणी सोन्याची नव्हती, चांदीचीही नव्हती. पोटीन नावाच्या हलक्या मिश्रधातूची होती. सोनाराने ती वजनावारीही घेतली नसती. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी ती वाचली, तेव्हा पुराणांतल्या राजांच्या यादीत नसलेल्या काही सातवाहन राजांची नावे त्यांत निघाली. हा साठा एका जागी, एका मडक्यात राहिला म्हणून ते राजे आपल्याला मिळाले. तीच नाणी पंचवीस घरांच्या देव्हाऱ्यांत विखुरली असती तर नाणी उरली असती, राजे गेले असते. तुमच्या नातेवाइकाने अर्ज याच आठवड्यात द्यावा.

प्रश्न : आमच्या गावाच्या पाराजवळ काही जुन्या, भंगलेल्या मूर्ती उन्हापावसात पडल्या आहेत. एकीला आम्ही शेंदूर लावतो, बाकीच्यांकडे कोणी पाहत नाही. काही तरुण म्हणतात शहरातील संग्रहालयाला देऊ, वडीलधारे म्हणतात देव गावाबाहेर जाता कामा नये, आणि भंगलेली मूर्ती नदीत सोडावी असेही एक मत आहे. आपण काय म्हणता?
— ग्रामपंचायतीचे एक सदस्य, चामोर्शी तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : नदीचे मत आधी बाजूला ठेवू. भंगलेली मूर्ती पूजेतून काढावी ही रूढी मी समजू शकतो, पण आठशे-हजार वर्षांपूर्वी कोरलेला दगड वैनगंगेच्या डोहात टाकणे म्हणजे गावाचा सातबारा स्वतःच्या हाताने फाडणे होय. तुमच्याच तालुक्यात मार्कंड्याची देवळे आहेत. तेथील भिंतींवरच्या भंगलेल्या मूर्ती पाहायलाही माणसे दुरून येतात, हे वडीलधाऱ्यांना सांगावे.

ज्या मूर्तीला शेंदूर लागतो ती गावाचीच राहू द्यावी. ती देव आहे, आणि देवाला काचेच्या कपाटात पाठवण्याचा सल्ला मी कोणत्याही गावाला देणार नाही. मात्र तेल आणि शेंदूर यांचे थर वर्षानुवर्षे चढत गेले की नाकडोळे बुजून मूर्तीचा गोळा होतो. तेव्हा पायापाशी शेंदूर आणि वर फूल, असा तोडगा भाविकांशी बोलून काढता येतो. काही गावांनी तो काढलेला मी पाहिला आहे. साचलेला थर मात्र कोणीही खरवडू नये, त्याबरोबर दगडाचा पापुद्रा निघतो.

उरलेल्या मूर्तींविषयी माझे मत थोडे कडक आहे. गावाने त्यांच्यावर पत्र्याचे छप्पर घातले, खाली ओटा बांधून पाणी लागू दिले नाही आणि ग्रामसभेच्या नोंदवहीत त्यांची छायाचित्रांसह यादी केली, तर त्या गावातच राहाव्यात. त्यासारखे उत्तम काही नाही. शंभर वर्षांहून जुनी दगडी मूर्ती १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि तिची नोंदणी करावी लागते, हे त्याच बैठकीत सर्वांना सांगून टाकावे. यादी आणि छायाचित्रे असली की चोरी झाल्यावर मूर्ती आपली असे सिद्ध तरी करता येते. पण हे काहीच होणार नसेल आणि त्यांच्यावर गुरे अंग घासत असतील, तर त्या पुरातत्त्व विभागाच्या स्वाधीन कराव्यात, आणि देताना एकच अट लेखी घालावी की, पाटीवर आमच्या गावाचे आणि तालुक्याचे नाव राहील. रामटेकजवळच्या मनसरच्या टेकडीवर मिळालेली पाचव्या शतकातली शिवमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, पण तिचा उल्लेख जगभर मनसरची मूर्ती असाच होतो. कुही तालुक्यातील मांढळचेही तसेच. विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक राजांच्या काळातील तेथील शैव शिल्पांमुळे त्या गावाचे नाव अभ्यासकांच्या तोंडी आहे. ज्या मूर्तीच्या पाटीवर ठिकाण अज्ञात असे लिहिलेले असते, ती कितीही सुंदर असली तरी तिच्यासमोर मला पोरक्या मुलापुढे उभे राहिल्यासारखे होते.

प्रश्न : आम्ही वर्ध्याचे मगन संग्रहालय पाहून आलो आणि वाटले की, अशा वस्तू तर आमच्या गोठ्यांत आणि माळ्यांवर पडून आहेत. शाळेच्या एका रिकाम्या खोलीत गावाचे संग्रहालय करावे असा बचत गटाचा विचार आहे. सुरुवात कशी करावी?
— महिला बचत गट, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : तुम्ही अगदी योग्य ठिकाणाहून सुरुवात केली आहे. मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी झाले. त्याला नाव मगनलाल गांधींचे, आणि मगनवाडीत ग्रामोद्योगांचे काम पाहणाऱ्या जे. सी. कुमारप्पांची दृष्टी त्यामागे होती. राजाची तलवार दाखवण्यासाठी ते उभे राहिले नाही. चरखा, घाणी आणि हातकागद यांसारख्या चालू कामांची माहिती खेड्यातल्या माणसाला मिळावी, हा त्याचा हेतू होता. तुमच्या खोलीनेही तोच हेतू धरावा.

वस्तू मागायला निघण्याआधी दोनशे पानी जाडबांधणीची वही घ्यावी. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा आणि तिच्यापुढे लिहावे : येथे तिला काय म्हणतात, कोणाच्या घरची, कोणी घडवली, कोणत्या लाकडाची किंवा धातूची, कधीपर्यंत वापरात होती, आणि दिली आहे की ठेवायला दिली आहे. हा शेवटचा रकाना गाळला, तर दहा वर्षांनी भाऊबंदकीत तुमचा गट साक्षीदार होईल. नावे पुस्तकातली लिहू नयेत. तिफन, चाडे, डवरा, वखर, बंडीचे जू, पायली, कुडव, धान्याची ढोली हेच शब्द पाटीवर असावेत आणि तिफनीच्या प्रत्येक भागाचे नाव एखाद्या जुन्या सुताराला विचारून लिहून घ्यावे. वस्तू पुढच्या वर्षीही माळ्यावर मिळेल. ते शब्द सांगणारे आजोबा मिळतीलच असे नाही. म्हणून मोबाइलवर त्यांचा आवाज घेऊन ठेवावा आणि ध्वनिफितीला वस्तूचाच क्रमांक द्यावा.

लाकडाला वाळवी आणि भुंगा, लोखंडाला गंज आणि कापडाला कसर हे तुमचे चार शत्रू. वस्तू भिंतीपासून वीतभर दूर आणि विटांवर उचलून ठेवाव्यात, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा खोली उघडून वारा खेळू द्यावा, आणि लाकडाला चकाकी यावी म्हणून तैलरंग मुळीच फासू नये. हा मोह फार जणांना होतो. जुन्या बंडीला लाल-पिवळा रंग दिला की ती धाब्याच्या दारातली शोभेची बंडी होते आणि जू घासून पडलेली खाच, जिथे खरी गोष्ट असते, ती रंगाखाली जाते.

पहिल्या वर्षी तीस वस्तू पुरेत. खोलीची किल्ली दोघींकडे असावी आणि उघडण्याची वेळ दुपारी तीन ते पाच ठेवावी, कारण शेतातून परतलेल्या बायांना आणि शाळा सुटलेल्या मुलांना तीच सोयीची पडेल. वहीच्या पहिल्या पानावर क्रमांक एक म्हणून काय लिहिलेत, ते आम्हांस अवश्य कळवा.